फीचे पैसे कुठून आणायचे?

मिरग लागतो. पहिला पाऊस पडतो. शेतकऱ्याची एकच धांदल उडते. बी-बियाणे आणायचे असते. खत आणायचे असते. कणगी तळाला गेलेली असते. मागच्या पिकाचा पैसा केव्हाच संपलेला असतो. आणि नेमक्या याच दिवसांत शाळा-कॉलेजे उघडतात. पोरगे हातात कागद घेऊन दारात उभे राहते.

"आबा, फी भरायची शेवटची तारीख सोमवार हाय."

आता आबांनी काय करावे?

घरात पैसा कधीच येणार नाही, असे नसते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघेल. पुढे कापूस येईल. कुणाचा ऊस कारखान्याला जाईल, त्याचे बिल येईल. पण हे सगळे पुढे. फी मागतात आज. पैसा येणार दिवाळीला. मधले चार-पाच महिने कोरडे. सावकाराचा धंदा चालतो, तो याच चार-पाच महिन्यांवर.

मजुरी करणाऱ्या घराची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पैसा रोज येतो आणि रोज जातो. एकदम वीस हजार रुपये अशा घराने कधी पाहिलेलेच नसतात. पण फी मात्र एकदम भरावी लागते. म्हणून तेही घर त्याच दारात जाऊन उभे राहते.

अशा वेळी बाप काय म्हणतो? "पोराच्या शिक्षणाला पैसा लागतोय, व्याज कशाला बघायचं?" हे बोलणे मायेचे आहे. पण व्याज बघितलेच पाहिजे. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. पाटी घ्या, पेन्सिल घ्या. आपण हिशेब मांडू.

शेकडा पाच म्हणजे किती?

समजा, एका बापाने जून महिन्यात २०,००० रुपये काढले. सावकार म्हणाला, "शेकडा पाच." ऐकायला किती थोडे वाटते! शंभराला पाच रुपये. पण हे पाच रुपये वर्षाचे नव्हेत, महिन्याचे आहेत. गावात 'शेकडा' म्हणतात तेव्हा तो दरमहाचाच असतो.

२०,००० रुपयांत शंभर-शंभराचे २०० वाटे होतात. एका वाट्याला ५ रुपये. म्हणजे महिन्याला १,००० रुपये व्याज झाले. जूनपासून पाच महिन्यांनी, पीक विकून पैसे फेडले, तर व्याज ५,००० रुपये. हे झाले पीक चांगले आले तर. पाऊस गेला, पीक बुडाले, तर वर्षाचे व्याज १२,००० रुपये. दुसऱ्या वर्षीही फेडता आले नाही, तर दोन वर्षांचे २४,००० रुपये. मुद्दल २०,००० होते, ते तसेच उभे आहे. शिवाय दुसऱ्या वर्षीची फी आली आहे, ती वेगळीच. मग सावकार म्हणतो, "बांधाकडची एकरभर लिहून द्या, म्हणजे मिटलं."

आता तेच २०,००० रुपये बायकांच्या बचत गटातून घेतले असते तर? पुष्कळ गटांत शेकडा दोन असा दर असतो. म्हणजे महिन्याला ४०० रुपये. पाच महिन्यांचे २,०००. हाही दर काही थोडा नव्हे. पण हे व्याज गटातच राहते. वर्षाअखेर त्यातला वाटा गटातल्या बायकांनाच मिळतो. आणि बँकेचा दर वर्षाला शंभरास दहा धरला, तर पाच महिन्यांचे व्याज सुमारे ८३३ रुपये होते.

एकच रक्कम, तेच पाच महिने. एका दारात ५,०००, दुसऱ्या दारात २,०००, तिसऱ्या दारात ८३३. हे तिन्ही आकडे पाटीवर एकाखाली एक लिहून पाहा.

मग लोक सावकाराकडेच का जातात? कारण तो रात्री दहा वाजता पैसे देतो. कागद मागत नाही. बँकेत चार हेलपाटे पडतात. सोमवारची तारीख असते, आणि बँकेचे काम सोमवारपर्यंत होत नाही. यात खोटे काहीच नाही. म्हणून तर पैशाची जुळणी उन्हाळ्यातच करायला हवी. ती कशी करायची, ते पुढे सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा आहे. तो २०१४ साली नव्याने झाला. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही मन मानेल ते व्याज लावता येत नाही. तो दर सरकार ठरवून देते. सावकाराने व्याजात जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशी होऊन तशी जमीन परत मिळू शकते. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कधीच करू नये. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा वाचल्याशिवाय सही नाही.

गहाण ठेवावे काय?

गहाण ठेवणे सदासर्वदा वाईटच, असे मी म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत होते, त्या वेळची गोष्ट आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार पेन्शनीवर घर चालवीत. मुलाला पुस्तकांची भारी आवड. पुस्तक हवे म्हटले की रामजी आपल्या लग्न झालेल्या लेकीकडे जात. तिच्याकडे उसने पैसे मागत. तिच्याजवळ पैसे नसले, तर तिचा दागिना मागून आणत. तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. पुढे पेन्शन हाती आली, की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन देत. ही आठवण बाबासाहेबांनीच सांगितली आहे.

यात एक गोष्ट नीट पाहा. रामजींना पेन्शन कधी येणार, ते ठाऊक होते. दागिना कोणत्या पैशाने सोडवायचा, हे तो गहाण ठेवण्याआधीच ठरलेले होते. कर्ज छोटे आणि मुदतही छोटी. पुढे येईल कुठून तरी, असे म्हणून त्यांनी लेकीचे सोने नेले नाही.

म्हणून सोने ठेवायचेच झाले, तर बँकेत किंवा चांगल्या चालणाऱ्या पतसंस्थेत ठेवावे. वजनाची पावती घ्यावी. सोडवायची तारीख घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावी. तारीख टळली आणि नोटिशीकडे दुर्लक्ष झाले, की लिलाव होतो. जमीन मात्र फीसाठी गहाण टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमीन गेली, की पुढच्या वर्षीची फी कुठून येणार?

कोणती फी द्यायची नाहीच?

कर्ज काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो फार थोडे लोक विचारतात. "ही फी मला द्यायलाच हवी का?"

२००९ साली देशात शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यासाठी पैसा पडत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांतही पहिल्या वर्गाच्या शंभरातल्या पंचवीस जागा गरीब व मागास घरांच्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. त्यांच्या शिकवण्याचे पैसे सरकार शाळेला देते. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यातून वगळल्या आहेत. या पंचवीस जागांसाठी ठरलेल्या मुदतीत संगणकावरून अर्ज करावा लागतो. अर्ज जास्त आले, तर सोडत निघते. मुदत गेली, की ती संधी गेली.

आता अनुदानित आणि विनाअनुदानित हे दोन शब्द आले. ते नीट समजून घ्या. सगळा खर्च या दोन शब्दांवर ठरतो. अनुदानित शाळेत किंवा कॉलेजात मास्तरांचा पगार सरकार देते. म्हणून तिथे फी थोडी असते. विनाअनुदानित ठिकाणी पगार, इमारत, सगळे काही मुलांच्या फीतून निघते. म्हणून तिथे फी भारी असते. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यामुळे जागा वाढल्या. तालुक्या-तालुक्यांतली मुले इंजिनिअर झाली, हे खरे. पण बापाच्या डोक्यावरचे ओझेही तेव्हापासूनच वाढले. तेव्हा दाखला घेण्याआधी ऑफिसात सरळ विचारावे : "हा वर्ग अनुदानित हाय का विनाअनुदानित?" पुष्कळदा एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. इमारत एक, मास्तर तेच, पण फी निराळी.

आणखी एक. दाखल्यासाठी कुणी 'देणगी' मागितली आणि पावती देत नसेल, तर ती देणगी नव्हे. दाखल्यासाठी असे पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावतीवर फी कशाकशाची आहे, ते वाचा. शिकवण्याची किती, परीक्षेची किती, परत मिळणारी अनामत किती, ते वेगवेगळे लिहिलेले असते. शिक्षण संपल्यावर अनामत परत मागायची असते. किती तरी लोक ती तशीच सोडून देतात.

माफी मागायची लाज कशाला?

काही माणसे फीमाफीचा अर्ज करायला लाजतात. "आपण कुनाचं फुकट खात न्हाई," असे म्हणतात. बाणा चांगला आहे. पण इथे तो लागू नाही. का, ते जोतीराव फुल्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला इंग्रज सरकारने एक कमिशन नेमले होते. हंटरसाहेब त्याचे अध्यक्ष होते. जोतीरावांनी त्या कमिशनला लेखी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे होते : सरकारच्या तिजोरीत जो पैसा येतो, तो बहुतेक रयतेच्या घामाचा असतो. शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थोड्या लोकांना मिळतो. तेव्हा आधी खेड्यातल्या मुलांना शिकवा. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा.

म्हणजे ज्याला आपण फुकट म्हणतो, ते फुकट नाहीच. तुमच्या आज्याने शेतसारा भरला. तुम्ही दुकानात साबण घेता, डिझेल घेता, त्यावर कर भरता. त्या पैशातूनच शाळा चालते. फीमाफी घेणे म्हणजे आपल्याच पैशातले आपण मागून घेणे.

जोतीरावांचे म्हणणे इंग्रजांनी तेव्हा मानले नाही. पण बडोद्याचे सयाजीराव महाराज आणि कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी ते काम केले. सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच कायदा केला. पोर शाळेत धाडले नाही, तर बापाला महिन्याला १ रुपया दंड! त्या काळी रुपयाला मोठी किंमत होती. महाराजांनी दुसरेही एक ओळखले होते. शाळा फुकट केली, तरी खेड्यातले पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय? म्हणून १९०१ सालापासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली.

खरा खर्च पोटाचा

हे आजही तितकेच खरे आहे. कॉलेजची फी एक वेळ माफ होते. पण खोलीचे भाडे, खानावळ, गाडीभाडे आणि वह्या-पुस्तके यांना माफी कोण देणार? फीचा कागद पाहून बाप घाबरतो. पण खर्चाचा मोठा वाटा त्या कागदावर लिहिलेलाच नसतो.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे ठरलेली असत. कुणी माधुकरी मागत. एखादे घर बंद असले, तर त्या वारी उपास घडे. अशी शिकलेली कितीतरी माणसे पुढे मोठी झाली. पण जी अर्ध्यावर सोडून गावी परतली, त्यांचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

आता त्यासाठी सरकारी वसतिगृहे आहेत. समाजकल्याण खात्याची आहेत, आदिवासी विकास खात्याचीही आहेत. तिथे राहणे व जेवण फुकट असते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातींच्या मुलांसाठी 'स्वाधार' नावाची योजना आहे. तिच्यातून राहण्या-जेवणाचे पैसे मुलाच्या खात्यात येतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणी झालेले मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. गावातून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट मिळतो. मुलांना पासात तीनातले दोन वाटे सूट असते. पासाचा अर्ज शाळेतूनच करायचा असतो.

फीच्या सवलतींबद्दल थोडक्यात सांगतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ सालापासून चालत आली आहे. मागासवर्गीयांसाठी निराळ्या सवलती आहेत. ज्यांना जातीची सवलत नाही, पण घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, अशांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. तिच्यात ठरलेल्या अभ्यासक्रमांची शिकवण्याची निम्मी फी सरकार भरते. हे सारे अर्ज 'महाडीबीटी' नावाच्या एकाच ठिकाणी संगणकावरून होतात.

मुलीची शाळा का सुटते?

आता एक कडू गोष्ट बोलायची आहे. घरात दोन लेकरे शिकणारी. पैसा एकापुरताच. मग काय होते? मुलीला घरी बसवतात. "तिला काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जायाचं," असे म्हणतात. मुलीपेक्षा मुलाला मार्क कमी असले, तरी फी मुलाचीच भरली जाते. मुलीच्या लग्नासाठी मात्र तोच बाप मोठे कर्ज काढतो. ते कर्ज कुणाला जड वाटत नाही!

पण नुसता हिशेब मांडला, तरी ही गोष्ट उलटी दिसेल. आज मुलीचे शिक्षण मुलापेक्षा स्वस्त आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिकण्याची फी नाही. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणखी एक ठराव केला. ज्या घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवण्याची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ झाली. इंजिनिअरिंग आले, औषधशास्त्र आले, शेतकीही आली. विनाअनुदानित कॉलेजातही ही माफी मिळते. अट एवढीच, की दाखला सरकारच्या केंद्रीय यादीतून झालेला हवा. कॉलेजच्या व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठांतही ती नाही.

तेव्हा ज्या घरात पैशापायी मुलगी घरी बसली आहे, तिथे हा ठराव कुणीतरी वाचून दाखवला पाहिजे. तुम्हीच वाचून दाखवा.

क्लासचे काय?

शाळेची फी थोडी, आणि शिकवणीची फी शाळेच्या दसपट, असा उलटा काळ आला आहे. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी खेड्यातली मुले लातूरला जातात, काही परराज्यात कोट्यालाही जातात. कुठे कुठे आई पोरासाठी शहरात खोली घेऊन राहते आणि बाप एकटा गावी शेत बघतो. या क्लासला सरकारची सवलत नाही. तिथली फी कायद्याने बांधलेली नाही. म्हणून इथे फार जपून पाऊल टाकावे.

सबंध दोन वर्षांची फी एकदम भरू नये, हप्ते मागावेत. पोर आजारी पडले, जमले नाही, क्लास सोडला, तर किती पैसे परत मिळतील, ते आधी लिहून घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लासवाल्यांसाठी सूचना काढल्या. मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करावेत, असे त्यांत सांगितले आहे. हा कागद दाखवून बोलता येते. आणि क्लास लावण्याआधी पोराला एकट्याला जवळ बसवून विचारावे, "तुला हे खरंच करायचंय का?" पुष्कळ घरांत हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर विचारतात.

बँकेचे कर्ज

मोठ्या शिक्षणासाठी बँक शिक्षण कर्ज देते. ४ लाखांपर्यंतच्या शिक्षण कर्जाला बँकेने काही तारण मागायचे नसते. जमीन नको, दागिना नको. मात्र मुलाबरोबर आई किंवा बाप यांची सही लागते. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही.

हप्ता नसला, तरी व्याज चालू असते. ते पाटीवर मांडून पाहा. समजा, चार वर्षे दरसाल ७५,००० रुपये घेतले. एकूण ३ लाख झाले. व्याज वर्षाला शंभरास दहा. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे व्याज ३७,५००. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे ३०,०००. तिसरीवर २२,५००. चौथीवर १५,०००. बेरीज झाली १,०५,००० रुपये. पहिला हप्ता सुरू होण्याआधीच एवढे व्याज झालेले असते. म्हणून शिक्षण चालू असतानाच दरमहा थोडे थोडे व्याज भरता आले, तर भरावे.

घरचे उत्पन्न वर्षाला ४ लाख ५० हजारांच्या आत असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावर या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. कॉलेज त्यांच्या मान्यतेच्या अटीत बसायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना मंजूर झाली. तिच्यात निवडक चांगल्या संस्थांत दाखला मिळालेल्या मुलांना तारण किंवा जामीन न देता कर्ज मिळते.

पण कर्ज मिळते म्हणून कोणत्याही कॉलेजात जाऊ नये. त्या कॉलेजातून मागच्या वर्षी शिकून गेलेली पोरे आज काय करतात, हे गावातल्याच एखाद्या पोराला विचारावे. कॉलेजच्या छापील पुस्तकात जे लिहिलेले असते, त्यावर जाऊ नये. तिथे सगळीच पोरे हसत उभी असतात.

जूनचे काम एप्रिलात

सवलती आहेत, कर्ज आहे. मग पैसे का मिळत नाहीत? बहुतेक वेळा कागदापायी अडते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, मुलाच्या नावचे आधारला जोडलेले बँक खाते, एवढे कागद लागतात. जूनमध्ये सगळा तालुका एकाच वेळी सेवा केंद्रावर जाऊन उभा राहतो. दाखला पंधरा दिवसांनी मिळतो आणि फीची तारीख निघून जाते. मग बाप सावकाराकडे वळतो. म्हणून परीक्षा चालू असतानाच, एप्रिलमध्ये, तलाठ्याकडे जाऊन कामाला लागावे. नावातली एका अक्षराची चूकही महाग पडते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि बँकेत तिसरे, असे असेल तर पैसे येत नाहीत. तिन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः वाचा.

दुसरे काम सुगीचे. पीक विकल्याच्या दिवशीच फीचा वाटा वेगळा काढावा. तो पोराच्या किंवा त्याच्या आईच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत ठेवावा. घरात ठेवला, तर तो राहत नाही. याला आवरते घेण्याची शक्ती कुणाच्याच घरात नसते, माझ्याही नाही.

कमवा आणि शिका

एवढे करूनही काही घरांत पैसा पुरत नाही. अशांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी एक वाट काढून ठेवली आहे.

भाऊरावांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथे सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत. मुलांजवळ पैसे नव्हते, संस्थेजवळही नव्हते. गावोगाव घरोघर मूठ-मूठ धान्य मागून आणायचे, त्यावर चूल पेटायची. कधी धान्य संपे. भाऊराव फिरतीवर असत. घरी लक्ष्मीबाई आणि उपाशी पोरे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचा एकेक दागिना काढून दिला. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या.

भाऊरावांचे म्हणणे साधे होते. दुसऱ्याच्या मूठभर धान्यावर पोर कायमचे जगू नये. पोराने स्वतः घाम गाळावा आणि शिकावे. मग मुले शेतात राबू लागली. विहिरी खणल्या, दगड फोडले, रस्ते केले. त्या कामाचा मोबदला त्यांच्या शिक्षणाला लागला. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही याच पायावर. ज्या घरांतून पूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्या घरांतली पोरे तिथे शिकली.

ही योजना आजही आहे. रयतच्या कॉलेजांत आहे, पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आहे, इतरही कित्येक ठिकाणी आहे. मुले बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात रोज दोन-तीन तास काम करतात. त्याचे तासाप्रमाणे पैसे मिळतात. त्या पैशात सबंध शिक्षण भागत नाही. पण खानावळीला हातभार लागतो. जागा थोड्या असतात आणि पहिल्या काही दिवसांतच भरतात. अर्ज वेगळा करावा लागतो. तो दाखल्याच्या अर्जाबरोबर मिळत नाही. दाखला झाला की त्याच दिवशी ऑफिसात विचारायचे : "कमवा-शिकाचा अर्ज कुठे मिळतो?"